काकांच्या कपाटातील पाच बाटल्या : वाइन जपावी की लेबल?

अमळनेरकर

सर्व जाणकारांना नमस्कार.

माझे धाकटे काका, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, व्यापारी जहाजावर अभियंता होते. निवृत्तीनंतर, म्हणजे 2003 साली, ते अमळनेरला आमच्या जुन्या धाब्याच्या घरात येऊन राहिले आणि गेल्या पौषात त्यांचे निधन झाले. त्यांचे शिसवी कपाट आवरताना खालच्या खणात, धोतराच्या पानांत एकेक करून गुंडाळलेल्या, उभ्या ठेवलेल्या पाच बाटल्या निघाल्या. पाचही फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील शातो मुतों रोथशिल्ड या द्राक्षमळ्याच्या वाइनच्या आहेत आणि त्यांच्यावरील वर्षे 1984, 1987, 1988, 1989 व 1993 अशी आहेत. आप्पा स्वतः क्वचित घेत, आणि या बाटल्यांविषयी ते कुणाजवळ बोलल्याचे आठवत नाही.

मला वाइनमधले काही कळत नाही, परंतु लेबलांची ओढ मला लहानपणापासून आहे. वडिलांचे कापडाचे दुकान होते. कापडाच्या तागांवर व गाठींवर गिरण्यांची रंगीत छापील लेबले चिकटवलेली येत. त्यांच्यावर लक्ष्मी, मोर, हत्तीवरची अंबारी, क्वचित रविवर्म्याच्या चित्रावरून उचललेली एखादी स्त्री असे. दुकान बंद झाल्यावर मी ती कोमट पाण्यात भिजवून सोडवली आणि वह्यांमध्ये लावली. अशी दोनशेहून अधिक लेबले आज माझ्यापाशी आहेत. त्यामुळे 1988 च्या बाटलीवरचे, जाड काळ्या रेघांनी काढलेले नाचणारे मेंढे पाहिले, तेव्हा हे काम एखाद्या मोठ्या हाताचे आहे एवढे मला ताबडतोब उमगले. नंतर शोधून पाहता तो हात कीथ हेरिंग यांचा असल्याचे समजले.

माझी मुख्य अडचण 1993 च्या बाटलीची आहे. इतर चारही लेबलांच्या वरच्या भागात चित्र आहे. या एकाच लेबलावर त्या जागी मळकट पांढरा कोरा पट्टा आहे. खालचा मजकूर मात्र स्पष्ट वाचता येतो. चित्र उन्हाने उडाले, कसरीने खाल्ले की कुणी खरवडून काढले, याचा उलगडा होत नाही, आणि आप्पांसारख्या टापटिपीच्या माणसाच्या हातून असे कसे झाले याची रुखरुख लागून राहिली आहे.

दुसरे असे की आमच्याकडे वैशाखात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो. अशा हवेत वीस उन्हाळे काढलेल्या बाटल्यांतील वाइन शाबूत असेल का? घरात धान्याचे एक जुने बळद आहे, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाडीच्या भिंतीतले; बाटल्या तिथे हलवल्या तर चालेल का? की आता वाइनचा विचार सोडून लेबले भिजवून काढावीत आणि गिरण्यांच्या लेबलांशेजारी वहीत लावावीत? आईला घरात हे असणे मनातून पटत नाही. आप्पांकडे परवाना होता, माझ्याकडे नाही. त्याचेही कुणी सांगितल्यास बरे होईल.

द्राक्षमळा, दिंडोरी

अमळनेरकर साहेब, सर्वांत आधी तुमची रुखरुख दूर करतो. तुमच्या 1993 च्या लेबलावरून काहीही उडालेले नाही आणि कुणी काही खरवडलेले नाही. ते लेबल तसेच कोरे छापले गेले होते.

त्या वर्षीचे चित्र बाल्थ्यूस या चित्रकाराने दिले होते. चित्र पेन्सिलीचे होते आणि त्यात एका अल्पवयीन मुलीची विवस्त्र आकृती होती. अमेरिकेत त्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले, तेव्हा तिथल्या बाजारासाठी चित्र वगळून, त्याची जागा मोकळी ठेवून नवी लेबले छापण्यात आली. दुसरे चित्र न घालता जागा रिकामी सोडल्यामुळे त्या वर्षाची दोन लेबले झाली, आणि संग्राहक दोन्ही मिळवू पाहतात. तुमच्या काकांची बाटली अमेरिकेसाठी छापलेल्या लेबलाची आहे, म्हणजे बहुधा तिकडच्याच एखाद्या बंदरातून घेतलेली. ते जहाजावर असल्याने हे जुळतेही.

बाटलीवर चित्रकाराचे चित्र ही कल्पना तिथे कशी आली, हेही सांगावेसे वाटते, कारण तुमच्या गिरण्यांच्या लेबलांशी त्याचे नाते आहे. बोर्दोच्या मळेवाल्यांची जुनी रीत अशी, की वाइन पिंपांतून व्यापाऱ्याकडे जायची आणि बाटलीत भरणे, बूच मारणे, लेबल लावणे हे सारे व्यापारी करायचा. बाटलीत नेमके काय गेले यावर मळेवाल्याचा ताबा नसे. बॅरन फिलिप द रोथशिल्ड यांनी 1922 साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मुतोंचा कारभार हाती घेतला आणि 1924 च्या हंगामापासून सगळी वाइन मळ्यावरच बाटल्यांत भरण्याचे ठरवले. बाटली मळ्यावरच भरायची म्हटल्यावर तिच्यावरचे लेबल ही मळ्याची सही झाली. त्या पहिल्या वर्षाचे लेबल त्यांनी झाँ कार्ल्यू या जाहिरात-चित्रकाराकडून करून घेतले. त्या काळी ते लोकांच्या पचनी पडले नाही आणि प्रथा तिथेच थांबली. पुढे युद्ध संपले तेव्हा 1945 च्या बाटलीवर फिलिप जुलियाँ या तरुण चित्रकाराचे विजयाचे व्ही हे अक्षर आले, आणि तिथून जवळजवळ प्रत्येक वर्षाला नवा चित्रकार मिळत गेला. ब्राक, दाली, हेन्री मूर, मिरो, शागाल हे सगळे त्या मालिकेत आहेत. 2009 चे लेबल अनीश कपूर यांचे आहे. त्यांचा जन्म 1954 साली आपल्या मुंबईतला. या चित्रांचा मोबदला पैशांत दिला जात नाही, चित्रकाराला वाइनच्या पेट्या मिळतात.

तुमच्याकडची 1984 ची बाटली याकोव आगाम यांची आहे. 1987 चे लेबल हान्स एर्नी यांचे असून त्यावर खुद्द बॅरन फिलिप यांचा चेहरा आहे. ते जानेवारी 1988 मध्ये वारले. 1989 चे लेबल गेऑर्ग बाझेलिट्झ यांचे. त्यावरचे मेंढे उलटे, पाय वर करून काढलेले दिसतील. तीही छपाईची चूक नव्हे, हा चित्रकार चित्रे उलटीच रंगवतो. बर्लिनची भिंत पडली ते हे वर्ष, आणि चित्रातले शब्द त्याच घटनेला उद्देशून आहेत.

आता वाइनविषयी. मी चौदा वर्षे तळघरातच काम करतो आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. अशी वाइन 12 ते 14 अंशांत, आडवी आणि अंधारात ठेवायची असते. आडवी अशासाठी, की बूच आतून ओले राहिले पाहिजे. बाटली वर्षानुवर्षे उभी राहिली की बूच सुकते, आकसते आणि हवा आत शिरू लागते. त्यातच उन्हाळ्यात आतला द्रव फुगून बूच वर ढकलतो आणि हिवाळ्यात आकसून बाहेरची हवा ओढून घेतो. अशी वीस आवर्तने तुमच्या बाटल्यांनी सोसली आहेत. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढले की आतल्या क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो.

बळदाची कल्पना सुचणे स्वाभाविक आहे, पण तिच्यात एक मेख आहे. जाड भिंत किंवा जमीन दिवसरात्रीचे आणि ऋतूंचे चढउतार गिळते, सरासरी मात्र खाली आणू शकत नाही. जमिनीत काही मीटर खाली गेल्यावर जे तापमान मिळते ते त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीइतके असते. बोर्दोची सरासरी सुमारे 13 ते 14 अंश आहे, म्हणून तिथे नुसते खणले की वाइनचे तळघर तयार होते. जळगाव भागाची सरासरी सुमारे 27 अंश आहे. बळद धान्याला उत्तम, वाइनला ते मंद आचेवरच्या पातेल्यासारखे आहे.

तुम्ही एवढे करावे. बाटली न हलवता मागून विजेरी धरा आणि द्रवाची पातळी पाहा. मानेत असेल तर आशा आहे, खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर आशा कमी, आणि त्याहीखाली असेल तर सोडून द्यावी. वरच्या धातूच्या टोपणाखाली बूच वर आलेले जाणवते का आणि कडेने चिकट ओघळ सुकलेला आहे का, हेही बघा. 1984 आणि 1987 ही दोन्ही वर्षे बोर्दोमध्ये मुळातच हलकी गेली. 1988 व 1989 चांगली होती, आणि त्यातल्या त्यात 1989 वर माझा भरवसा आहे. माझे मत विचाराल तर ज्या बाटल्यांची पातळी बरी आहे त्या उघडून चाखाव्यात. आणखी एक उन्हाळा ठेवून त्यांचे काहीही भले होणार नाही.

जुने कागद, धुळे

मी हस्तलिखित पोथ्या आणि जुन्या कागदांच्या दुरुस्तीचे काम करतो. राजवाडे संशोधन मंडळातल्या पोथ्या विद्यार्थिदशेत पाहिल्या, तेव्हापासून याच नादाला लागलो. त्यामुळे बाटलीच्या आतल्या भागाबद्दल मी बोलणार नाही, बाहेरच्या कागदाबद्दल मात्र आग्रहाने सांगतो.

लेबले भिजवून काढू नयेत. तुमच्या गिरण्यांच्या लेबलांना कोमट पाणी मानवले, कारण त्यांची शाई तेलाची होती आणि मागची खळ पिठाची. पाण्याने खळ सुटली, शाईला काही झाले नाही. इथे वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या छपाईचे कागद आहेत आणि काहींवर सोनेरी छपाई असू शकते. चार लेबले नीट सुटतील आणि पाचवे फाटेल, आणि कोणते फाटेल हे आधी कळणार नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाटलीवरून उतरलेले लेबल तुमच्या वहीत एक छापील चित्र म्हणून उरते. बाटलीवर असलेले लेबल, काचेवरचा ठसा, टोपण आणि बूच हे सगळे एकमेकांची साक्ष देत असतात. बाडातले एक पान सुटे विकले गेले की त्या पानाची आणि बाडाचीही ओळख पुसली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

धोतराच्या पानांत गुंडाळले हे आप्पांनी फार चांगले केले, परंतु त्या पानांना खळ होती का, हे तपासावे. कसरीला पिष्ट फार आवडते. खळीचे कापड आणि लेबलामागचा डिंक या दोन्हींसाठी ती येते. कडा कुरतडलेल्या, किंवा कागदाचा वरचा पापुद्रा खरवडल्यासारखा गेलेला दिसला तर ते काम तिचे. नवे मांजरपाट आणून दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढावी, कडक उन्हात वाळवावे आणि त्यात बाटल्या सैलसर गुंडाळाव्यात. वेखंडाच्या कांड्या कपाटात ठेवाव्यात, कागदाला चिकटून नव्हे. काही जण बाटलीवर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावतात; युरोपातल्या ओलसर तळघरात त्याचा उपयोग होत असेल, आपल्याकडे आषाढ-श्रावणात त्याच्या आत दमटपणा कोंडून बुरशी धरते.

आणि एक गोष्ट कृपया विसरू नये. उन्हाळ्यात त्या खोलीत कूलर लावू नका. आपल्या कोरड्या हवेत कूलरने गार वाटते खरे, पण तो खोली ओली करतो; रात्री बंद केला की तोच ओलावा कागदावर बसतो आणि दुपारी पुन्हा सुकतो. अशा ओल्या-सुक्या फेऱ्यांनी लेबल सुरकुतते, कडांनी सुटते आणि त्यावर तांबूस ठिपके येतात.

दिंडोरीच्या मित्रांशी माझा थोडा मतभेद आहे. भरलेली, सीलबंद बाटली ही वस्तू म्हणून पूर्ण असते. आतली वाइन पिण्याजोगी राहिली नसली तरी तिला तसेच राहू द्यावे, असे मला वाटते. निदान 1993 ची बाटली तरी उघडू नये.

भुसावळ रोड

परवान्याविषयी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्रात 1949 चा मद्यनिषेध कायदा लागू आहे आणि मद्य बाळगायला व प्यायला परवाना लागतो. किती साठा ठेवता येतो याचीही मर्यादा असते. आप्पांचा परवाना त्यांच्या नावापुरता होता, तो वारसाहक्काने तुमच्याकडे येत नाही. तेव्हा स्वतःचा परवाना काढा आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जळगावच्या अधीक्षक कार्यालयात लेखी अर्ज करून या पाच बाटल्यांची माहिती द्या. आईच्या मनावरचे ओझेही त्याने उतरेल. बाटल्या विकण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. विक्रीचा परवाना नसताना भरलेली बाटली विकणे हा गुन्हा आहे, मग ती ओळखीच्या माणसाला असो की इंटरनेटवरून.

बाटल्या कुठे न्यायच्या असतील तर सुरतमार्गे नेऊ नका. आपल्या भागातले लोक सवयीने तापीकाठच्या रेल्वेने नंदुरबार, नवापूर करत मुंबईला जातात, पण नवापूरनंतर गुजरात लागते आणि तिथे दारूबंदी आहे.

आणखी एक काळजी रिकाम्या बाटलीची घ्यावी. रुडी कुर्नियावान नावाचा माणूस अमेरिकेत घरीच स्वस्त वाइनची मिसळ करून जुन्या, मौल्यवान बाटल्यांच्या नावाने विकत होता. त्याच्या घरात छापील लेबलांचे गठ्ठे सापडले आणि 2014 साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. उपाहारगृहांतून रिकाम्या बाटल्या तो मागवून घेत असे. म्हणून बाटली उघडलीच तर ती भंगारात देऊ नका, आणि बुचावर व बाटलीच्या तळाशी उघडल्याची तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवा.

अमळनेरकर

आपणा तिघांचेही मनापासून आभार. कोऱ्या लेबलाची हकिगत आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तो वस्तू कधी खराब होऊ द्यायचा नाही, मला माहीत होतं." त्यानंतर बाटल्यांबद्दल तिने नाराजीचा शब्द काढलेला नाही.

काल संध्याकाळी विजेरी लावून पातळ्या पाहिल्या. 1984 ची खांद्याच्या खाली गेली आहे आणि टोपणाच्या कडेने काळपट ओघळ सुकलेला आहे. 1987 आणि 1988 खांद्याच्या मध्यावर आहेत. 1993 मानेच्या मुळाशी. आश्चर्य म्हणजे 1989 ची पातळी अजून मानेतच आहे, आणि टोपण बोटाने फिरवले तर सहज फिरते, म्हणजे खाली गळती नसावी. कसरीचा उपद्रव फक्त 1987 च्या डाव्या कोपऱ्यात, बॅरनच्या चेहऱ्यापासून दूर, नखाएवढा आहे. परवान्याचा अर्ज आणि अधीक्षक कार्यालयाला द्यायचे पत्र दोन्ही तयार केली आहेत. मांजरपाट धुऊन वाळत घातले आहे.

धुळ्याच्या काकांचे ऐकून 1993 ची बाटली कधीच उघडणार नाही. 1984, 1987 आणि 1988 यांच्याकडूनही आता वाइन म्हणून अपेक्षा ठेवत नाही. त्या लेबलांसाठी राहतील. मात्र 1989 ची उघडावी असे वाटते. आप्पांनी ती कधी तरी पिण्यासाठीच आणली असणार. परवाना हाती आल्यावर, पावसाळा सरताना, हवा जरा निवली की. उघडताना लेबलाला धक्का लागू नये म्हणून काय करावे?

द्राक्षमळा, दिंडोरी

आधी दोन दिवस बाटली उभीच ठेवा, म्हणजे तळाचा गाळ बसेल. उघडण्याच्या आदल्या रात्री ती घरच्या फ्रिजमध्ये ठेवा आणि पिण्याच्या तासभर आधी बाहेर काढा. बाहेर काढल्यावर काचेवर पाणी जमेल. ते लेबलावर उतरू नये म्हणून धुतलेल्या मांजरपाटाची घडी लेबलाभोवती बांधा. साध्या पिळाच्या बूचकाढणीने इतके जुने बूच तुटेल. दोन पातळ पात्यांची बूचकाढणी मिळते. तिची पाती बूच आणि काच यांच्या फटीत हलवत उतरवायची आणि पीळ देत वर ओढायचे. ओतताना लेबल आभाळाकडे असू द्या, म्हणजे शेवटचा थेंब ओघळला तरी तो मागच्या बाजूने जाईल. एका संथ धारेत ओता आणि मानेत गाळ दिसला की थांबा.

पहिला घोट पाच मिनिटांत घ्या. इतकी जुनी वाइन हवा लागल्यावर फार वेळ टिकत नाही, तासभर ठेवून देण्याचा सल्ला तरुण वाइनसाठी असतो. रंग विटकरी आणि वास मनुका, तंबाखू, ओल्या मातीचा आला तर ती जगली. उकडलेल्या मनुकांच्या पाण्यासारखा गोडसर वास आला तर ती उन्हाने गेली. दोन पात्यांची बूचकाढणी माझ्याकडे आहे. दसऱ्यानंतर मला धुळ्याला यायचेच आहे, तिथून अमळनेर लांब नाही. परवाना मिळाल्याचे कळवा, मी घेऊन येतो.

जुने कागद, धुळे

मीही येतो. 1987 च्या कोपऱ्याला जपानी कागदाचा पातळ तुकडा लावून द्यायचा आहे, आणि ते काम बाटलीवरच करता येते.